सही न येणाऱ्या माणसाचा माग: इंग्लंडच्या खेड्यातलं कुटुंब आपले पूर्वज कसं शोधतं

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात जुन्या कागदांना एकदम भाव आला आहे. कुणबी नोंदींसाठी लोक तहसील कचेरीत हेलपाटे घालताहेत, मोडी वाचता येणाऱ्या माणसाला उसंत नाही. परवा गावाकडून चुलतभावाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या तिकडच्या गोऱ्यांचं बरं आहे. त्यांना चारशे वर्षांचे बापजादे बसल्या जागी कळतात. सगळे जमीनदारच असणार म्हणा!"

मी सफक परगण्यात राहते. पूर्व इंग्लंडचा हा सगळा शेतीचा मुलूख. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि गेले तीन हिवाळे मी त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या वडिलांकडचं घराणं शोधते आहे. त्या घराण्यात जमीनदार एकही नाही. पाच पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या. त्यातल्या तीन पिढ्यांनी सहीच्या जागी फुली मारली. तरीही आम्ही १७७० च्या दशकापर्यंत पोचलो. हे कसं होतं, कुठे अडतं, आणि चुलतभावासारख्या शंका ज्यांच्या मनात येतात त्यांचं उत्तर काय, ते आज सविस्तर लिहिते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. यातला एकही कागद वंशज शोधायला येतील म्हणून लिहिलेला नाही. कुणाला कर हवा होता, कुणाला खर्च टाळायचा होता, कुणाला धर्माची शिस्त लावायची होती. म्हणून कागद हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: हे कुणी लिहिलं आणि त्याला काय हवं होतं?

चाल उलटी ठेवायची

नवखा माणूस हमखास एक चूक करतो. आपल्या आडनावाचा कुणीतरी प्रसिद्ध माणूस जुन्या काळात शोधतो आणि तिथून आपल्यापर्यंत यायला बघतो. हे कधीच जमत नाही. विणलेला स्वेटर शेवटच्या टाक्यापासूनच उसवावा लागतो, मधूनच धागा ओढला की गाठ बसते. इथेही तसंच आहे. स्वतःपासून आईवडील, त्यांच्यापासून आजी-आजोबा, अशी एकेक पिढी मागे जायचं, आणि प्रत्येक पिढीला कागदाचा आधार मिळाल्याशिवाय पुढचा टाका उसवायचा नाही.

सुरुवात घरातूनच होते. जुनी पत्रं, फोटोंच्या मागची नावं, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेले जन्म. शेजारच्या आजींकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात त्यांच्या आजोबांचा विवाह दाखला निघाला आणि तिथून आमची गाडी सुटली.

१८३७: सरकार जन्म-मृत्यू लिहू लागलं

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. हा पहिला भक्कम टप्पा. जन्माच्या दाखल्यावर बाळाचं नाव, बापाचं नाव आणि धंदा आणि, सगळ्यात मोलाचं म्हणजे, आईचं माहेरचं आडनाव मिळतं. ते मिळालं की आईवडिलांचं लग्न शोधता येतं. विवाह दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, म्हणजे एका कागदात दोन घराणी एक पिढी मागे सरकतात.

दोघांच्या आयांची नावं मात्र त्यावर नाहीत. १८३७ पासून थेट मे २०२१ पर्यंत इंग्लंडच्या विवाह नोंदीत आईला जागाच नव्हती. पावणेदोनशे वर्षं! मला हे कळलं तेव्हा खरोखर वाईट वाटलं. मुलीला वाढवणारी, तिच्या लग्नात राबणारी बाई त्या कागदावर कुठेच नाही.

नोंदी तीन-तीन महिन्यांच्या सूचीत लावलेल्या आहेत. इथे एक खाच आहे. सूचीतली तारीख नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत होती, त्यामुळे मे अखेरीस जन्मलेलं मूल जुलै-सप्टेंबरच्या सूचीत सापडू शकतं. शिवाय नोंद न केल्याबद्दल दंड लागू झाला तो १८७५ पासून. त्याआधीच्या काही मुलांची नोंदच झालेली नाही. तेव्हा सापडत नाही म्हणजे जन्मच झाला नाही, असं समजायचं कारण नाही.

एका रात्रीचं घर

दुसरा टप्पा जनगणनेचा. इंग्लंडमध्ये ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४१ पासून पुढेच माणसांची नावं पद्धतशीर मिळतात. एका ठरलेल्या रात्री त्या छपराखाली जो जो असेल त्याचं नाव, वय, धंदा लिहायचा. घराचा त्या रात्रीचा फोटोच म्हणा, फक्त अक्षरांत काढलेला. जावई आलेला असेल, नात आजीकडे राहायला असेल, वरच्या खोलीत भाडेकरू असेल, सगळे त्यात येतात.

१८४१ चा फोटो जरा धूसर आहे. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तिशीचा होतो. कोण कुणाचा कोण, हेही त्यात नाही. १८५१ पासून नातं आणि जन्माचं गाव दोन्ही मिळू लागतं. खेड्यातल्या कुटुंबासाठी ते जन्मगाव म्हणजे किल्लीच, कारण पुढे कुठल्या गावची वही उघडायची ते त्यावरूनच कळतं.

धंद्याच्या रकान्यात एक शब्द पानामागून पान दिसत राहतो: 'अॅग लॅब'. शेतमजूर या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं हे लघुरूप. मजुरांची संख्या एवढी होती की गणती करणाऱ्याला पूर्ण शब्द लिहिणं परवडत नव्हतं. आठ-नऊ वर्षांची पोरंही त्या रकान्यात येतात. कुणी पाखरं हाकणारा, कुणी नांगरावरचा पोऱ्या.

आता १९११ ची गोष्ट. त्या वर्षीचं वैशिष्ट्य असं की कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेला मूळ फॉर्म जपलेला आहे. त्यात विवाहित बाईसाठी चार रकाने होते: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. विधवेनं हे भरायची गरज नव्हती. शेजारच्या आजींची पणजी तेव्हा विधवा होती, तरी तिनं भरलं. जन्मलेली ११, हयात ७, गेलेली ४. नंतर कारकुनानं त्या आकड्यांवर रेघ मारली. पण रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात.

आजींनी लहानपणापासून आठच नावं ऐकली होती. उरलेली तीन कोण? आम्ही जन्माची सूची उघडली, कुटुंबाचं आडनाव घातलं, पणजीचं माहेरचं आडनाव घातलं, जवळचा नोंदणी जिल्हा घातला आणि लग्नानंतरची बावीस वर्षं चाळली. तीन अनोळखी नावं निघाली. मग मृत्यूच्या सूचीत तीच नावं, वयाच्या जागी शून्य. चर्चच्या दफन वहीत एकीचं वय लिहिलं होतं, तीन आठवडे. दगड कुठेच नाही. आजींनी तिन्ही नावं वहीत उतरवून घेतली आणि त्या दिवशी आम्ही पुढे काही शोधलं नाही.

जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातम्या होत्या. त्यापुढची पाळी दुर्दैवाची. १९३१ चे सगळे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळे गणतीच झाली नाही. म्हणजे यापुढची जनगणना, १९५१ ची, २०५२ मध्येच बघायला मिळणार. मधल्या काळाला एकच आधार आहे. युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रांसाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेली नोंदवही.

त्याआधी, चर्चची वही

१८३७ च्या मागे सरकारी नोंद नाही. तिथून मागे जायचं ते पॅरिशच्या वहीवरून. एका चर्चच्या हद्दीत येणारा गाव-शिवार म्हणजे पॅरिश. धर्माची हद्द तीच आणि पुढे गावकारभाराचीही तीच. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, विवाह आणि दफन वहीत लिहावं. सुरुवातीच्या पुष्कळ वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायचा आदेश निघाला आणि दरवर्षी बिशपकडे एक प्रत पाठवायचं ठरलं. मूळ वही उंदरांनी खाल्ली, पाण्यानं गेली, तर आजही ही बिशपची प्रत कामाला येते. वह्या ठेवायच्या त्या तीन कुलपांच्या पेटीत. एक किल्ली पाद्र्याकडे, उरलेल्या दोन चर्चच्या कारभाऱ्यांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

या वहीत मिळतं तरी काय? एक खरी ओळ बघा. सागरी सफरींसाठी गाजलेला कॅप्टन जेम्स कुक यॉर्कशरमधल्या मार्टन गावचा. ३ नोव्हेंबर १७२८ ची त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद एवढीच आहे: रोजंदारी मजूर जेम्स कुक याचा मुलगा जेम्स. आईचं नाव नाही. आई कळायला त्याच्या आईबापांचं लग्न शोधावं लागतं. ते १० ऑक्टोबर १७२५ रोजी स्टेंटन गावच्या चर्चमध्ये झालं, आणि तिथे ग्रेस पेस हे नाव भेटतं. मजुराच्या पोराची ही एक ओळ तीनशे वर्षं टिकली. पुढे तो मोठा झाला म्हणून ती जपली असं नाही. त्याच पानावरच्या, कधीच मोठ्या न झालेल्या पोरांच्या ओळीही तशाच आहेत.

पुढे दोन कायद्यांनी वही सुधारली. मार्च १७५४ पासून लग्नाच्या नोंदीला नवरा-नवरीची सही किंवा खूण आणि साक्षीदार लागू लागले. क्वेकर पंथीय आणि ज्यू सोडून सगळ्यांना इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लग्न करावं लागे, त्यामुळे इतर पंथांच्या माणसांचीही लग्नं याच वहीत सापडतात. मग १८१३ पासून छापील रकाने आले. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. आधीच्या काळात पाद्र्याच्या मर्जीवर सगळं. कुणी आवडीनं "गवंडी, फार दिवस आजारी होता" असं लिहून ठेवतो, कुणी नुसतंच नाव. १६४२ नंतरच्या यादवीत तर कित्येक गावच्या वह्यांत वर्षानुवर्षांची खिंडारं आहेत.

बाप्तिस्मा जन्माच्या आधी?

आयझॅक न्यूटन हाही खेड्यातल्या शेतकरी घरातलाच. इंग्लंडच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा आणि बाप्तिस्मा १ जानेवारी १६४२ चा. वाचणारा चक्रावतो. पण वहीत चूक नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्याकडे पाडव्याला संवत्सर बदलतं आणि त्याआधीचा फाल्गुन जुन्या शकात जातो, तसाच तिथला जानेवारी जुन्या सालात जाई. म्हणून अशी तारीख आता १६४२/३ अशी दुहेरी लिहितात. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं आणि त्याच साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. हे ठाऊक नसेल तर लग्नाआधी मूल, मृत्यूनंतर मृत्युपत्र असले घोळ दिसतात आणि माणूस उगाच भलतं अनुमान काढतो.

"पण गरिबाचं कोण लिहून ठेवणार?"

चुलतभावाची खरी शंका हीच होती. उत्तर त्याला अनपेक्षित वाटलं: गरिबाचं सगळ्यात जास्त लिहिलेलं आहे. आणि ते मायेपोटी नव्हे.

१६०१ च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतल्या निराधारांना पोसायची जबाबदारी टाकली. त्यासाठी गावातल्या ऐपतदारांकडून कर घेत. साहजिकच प्रत्येक गावाला वाटू लागलं की परगावचा गरीब आपल्या डोक्यावर नको. मग १६६२ चा कायदा आला. त्यानं ठरवलं की प्रत्येक माणसाचं एक हक्काचं गाव असेल आणि अडचणीत त्यानं तिथेच हात पसरावा. या हक्काला 'सेटलमेंट' म्हणत. आपल्याकडच्या रहिवासी दाखल्यासारखंच, फक्त त्यावर भाकरी ठरायची.

हक्क मिळायचे मार्ग ठरलेले होते. बापाचं गाव ते मुलाचं, नवऱ्याचं गाव ते बायकोचं. एखाद्या गावात उमेदवारी केली, किंवा अविवाहित असताना एका धन्याकडे सलग वर्षभर चाकरी केली, तर ते गाव आपलं. म्हणून काही शेतकरी गड्याला एक्कावन्नच आठवडे ठेवत. बावन्नावा भरला की गावावर बोजा येणार!

माणूस आजारी पडला, काम गेलं, नवरा मेला की गावचे कारभारी त्याला न्यायाधीशांपुढे उभं करत आणि त्याची जबानी घेत. जन्म कुठे, बाप कोण, पहिली चाकरी कुणाकडे, किती दिवस, मजुरी किती, लग्न कधी, पोरं किती. ही जबानी म्हणजे ज्याला स्वतः एक अक्षर लिहिता येत नव्हतं त्याचं त्याच्याच तोंडचं चरित्र. लॉर्डाच्या घराण्याचा वंशवृक्ष मिळेल, पण लॉर्डानं सतराव्या वर्षी कुणाकडे किती दिवस काम केलं हे इतक्या बारकाईनं क्वचितच मिळेल.

आमच्या शोधात १८०३ ची अशी एक जबानी सापडली. जॉन नावाचा माणूस, वय सुमारे तीस. सांगतो की जन्म अमुक गावी झाला असं ऐकून आहे. मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सुमारास सुगी संपल्यावर, शेजारगावच्या शेतकऱ्याकडे सालगडी राहिला, पूर्ण वर्ष भरलं, मजुरी मिळाली. मग लग्न केलं. बायको, तीन मुलं. खाली फुली. ती फुली मी मोबाइलवर मोठी करून बघितली. एक रेघ ठसठशीत, दुसरी निघताना हात थरथरल्यासारखी, आणि टोकाला शाईचा ठिपका. नांगर धरणाऱ्या हातात टाक दिलेला.

निकाल विरुद्ध गेला तर कुटुंबाला हक्काच्या गावी रवाना करत. गरोदर बाईला बाळंतपणाआधीच हद्दीबाहेर काढायची घाई असे, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल ते त्याचं गाव ठरे. अशा आईची वेगळी जबानी होई. बाप कोण ते वदवून घेत आणि त्याच्याकडून पोषणाचा खर्च लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्या मुलापुढे बापाची जागा कोरी, त्याचा बाप या कागदात सापडतो. एका बाईला किती माणसांपुढे काय काय सांगावं लागलं असेल, हे वाचताना पोटात कालवतं. आज तिच्या वंशजांना तोच कागद खजिना वाटतो. मला दोन्ही गोष्टी एकदम आठवत राहतात.

१८३४ नंतर पद्धत बदलली. बरीच गावं मिळून एक संघ आणि त्याचं एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणारं घर. तिथल्याही आवक-जावकीच्या वह्या आहेत.

जमिनीचे कागद आणि मृत्युपत्रं

जमीन नसली तरी जमिनीचे कागद उपयोगी पडतात. १८३६ च्या कायद्यानं चर्चला धान्यरूपात द्यायचा दशांश रोख केला आणि त्यासाठी गावोगावचे नकाशे काढले. प्रत्येक वावराला क्रमांक, आणि सोबतच्या यादीत मालक कोण, कसणारा कोण, पीक की गवत. गावनकाशा आणि सातबारा एकत्र ठेवल्यासारखं. त्याआधीच्या काळासाठी मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जमीनदाराच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या आहेत. बाप मेला, मुलानं खंड भरला, कूळ म्हणून नाव लागलं, असं पिढ्यान्‌पिढ्यांचं त्यात मिळतं. मधली काही वर्षं सोडली तर १७३३ पर्यंत त्या लॅटिनमध्ये आहेत, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातलं वळणही असं की आजच्या इंग्रजाला ते वाचता येत नाही. मोडीसारखं तेही शिकावं लागतं.

१२ जानेवारी १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत, नंतरची सरकारी दप्तरात. मृत्युपत्राबरोबर कधी घरातल्या चीजवस्तूंची यादी असते. न्यूटनच्या बापाला सही येत नव्हती. तो न्यूटनच्या जन्माआधीच वारला, पण त्याच्या मागची यादी आहे: २३४ मेंढ्या आणि ४६ गुरं. सही न येणारा माणूस, आणि गोठा भरलेला.

"सगळं इंटरनेटवर आहे ना? मग बटण दाबलं की झालं!"

पुष्कळ काही आहे, हे खरं. फॅमिलीसर्चवर फुकट शोधता येतं, फ्रीबीएमडीवर स्वयंसेवकांनी १९९८ पासून सरकारी सूच्या टंकून ठेवल्या आहेत, पैसे भरून वापरायची संकेतस्थळंही आहेत. पण तिथे आपण शोधतो ते कुणीतरी वाचून टंकलेलं नाव. जुनं अक्षर, थकलेले डोळे, एखादं अक्षर इकडचं तिकडे. म्हणून मूळ पानाचा फोटो उघडून बघितल्याशिवाय काहीही मानायचं नाही. आणि जबान्यांसारखे कितीतरी कागद अजूनही परगण्याच्या दप्तरखान्यात जाऊनच बघावे लागतात.

आडनावाच्या स्पेलिंगवर तर अजिबात अडून बसू नये. सांगणाऱ्याला स्पेलिंग येत नव्हतं, पाद्री कानाला ऐकू येईल ते लिहीत होता. पुष्कळ ठिकाणची बोली शब्दाच्या सुरुवातीचा ह गाळते, म्हणून हॅरिस कधी ॲरिस होतो. एकाच माणसाचं आडनाव लग्नात एक, मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसरं आणि दफनात तिसरं, हे अगदी नेहमीचं आहे.

मोठी अडचण नावांची. जॉन, विल्यम, थॉमस. मेरी, एलिझाबेथ, ॲन. गावंच्या गावं या पाच-सहा नावांत संपतात. शिवाय मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती. त्यामुळे नुसता बाप्तिस्मा सापडून भागत नाही. तो पोरगा जगला का, हे दफनाच्या वहीत बघावं लागतं. कित्येकांचे वंशवृक्ष इथेच फसतात. तीन वर्षांचा होऊन गेलेल्या पोराला पुढे सात मुलं लावलेली मी स्वतः बघितली आहेत. एकानं चूक केली की शंभर जण तिची नक्कल करतात, आणि मग "सगळीकडे हेच आहे" हाच पुरावा होऊन बसतो.

"डीएनए तपासणी केली तर एवढी खटपट कशाला?"

कारण डीएनए नातं सांगतो, नाव सांगत नाही. आईवडिलांकडून निम्मं-निम्मं येतं, आजोबांकडून साधारण पाव, पणजोबांकडून आठवा हिस्सा, खापरपणजोबांकडून सोळावा. असं मागे जात जात काही पूर्वजांचा अंशही आपल्यात उरत नाही. अनौरस मुलाच्या बापाबद्दल कागद गप्प असेल तर मात्र ही तपासणी फार उपयोगी पडते. दुसऱ्या एखाद्या घराण्याच्या वंशजांशी नातं जुळतं आणि दीडशे वर्षांची कोरी जागा भरते. पण ते घराणं कोणतं, हे ओळखायला पुन्हा वह्याच लागतात.

माग मुंबई इलाख्यात येतो तेव्हा

खेड्यातला तरुण एका जनगणनेत दिसतो, पुढच्या दोन्हींत नाही, दफनात नाही. अशा वेळी सैन्याकडे वळावं. शेतात पोट भरेना, म्हणून कितीतरी पोरं भरती झाली आणि जहाजानं हिंदुस्थानात आली. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी लिहिलेल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या त्या नोंदी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फोर्टातलं सेंट थॉमस, पुणे कॅम्प, खडकी, अहमदनगर, देवळाली, सगळी आपली ओळखीची नावं. नावापुढे पलटण, वय, कधी मरणाचं कारण. आपल्या छावणीगावांतल्या जुन्या गोऱ्या दफनभूमीतल्या एखाद्या पुसट दगडाखाली असा कुणी असतो, ज्याच्या आईला तो कुठे पुरला हे कधी बघायला मिळालं नाही. तिकडे राहणाऱ्या कुणी त्या दगडांचे नीट वाचता येतील असे फोटो काढून ठेवले, तर इथल्या एखाद्या घरातली कोरी जागा भरेल.

दोन जॉन

आमचं घोडं सध्या त्या १८०३ च्या जबानीपाशी अडलं आहे. जॉननं सांगितलेल्या जन्मगावची वही आम्ही उघडली. १७७२ आणि १७७४ मध्ये त्याच नावाआडनावाची दोन मुलं. बाप वेगळे, बहुधा चुलतभाऊ. दोन्ही वयं जबानीशी जुळतात. १७७५ च्या हिवाळ्यात दफनाच्या वहीत एक ओळ आहे: नाव, आडनाव आणि 'लहान मूल'. बापाचं नाव लिहिलेलं नाही. म्हणजे दोघांतला एक त्या थंडीत गेला आणि दुसरा वाढून सालगडी झाला, सहीच्या जागी फुली मारून गेला. कोणता, ते त्या ओळीतून कळत नाही.

बिशपच्या प्रतीत कदाचित बापाचं नाव असेल, म्हणून ती मागवली आहे. मी आजींना म्हटलं, तोपर्यंत पेन्सिलीनं एक नाव लिहून ठेवू या का? त्यांनी मान हलवली. "चुकीच्या माणसाला आजोबा म्हणणं बरं नाही," म्हणाल्या. त्यांच्या मोठ्या कागदावर जॉनच्या वर दोन चौकोन आखलेले आहेत, आईचा आणि बापाचा. दोन्ही अजून कोरे आहेत.